उंचावलेल्या गाडीचें सुकाणू

यंत्रांत मला नेहमीं नात्यांचा खेळ दिसतो. अमेरिकेंत 'जीप रँग्लर' या, चारही चाकांस गति देणाऱ्या गाडीचे १९९७ ते २००६ चे नमुने खडकाळ वाटांसाठीं उंच स्प्रिंगा बसवून उंचावतात. त्यामुळें सांगाडा वर जातो, आंस मात्र खालींच राहतो. मग चाकें वळविणारी ड्रॅग लिंक आणि आंस बाजूस सरकूं न देणारा ट्रॅकबार, दोन्ही अधिक तिरपीं होतात. तीं परस्परांस समांतर असतील, तोंवर खड्ड्यांत चाकें आपोआप फारशीं वळत नाहींत. परंतु कोणी ड्रॉप आर्म बसवून एकटी ड्रॅग लिंकच सरळ केली, तर समांतरता मोडते व धक्क्यासरशीं गाडी वाट सोडूं पाहते. म्हणून ट्रॅकबारचें सांगाड्याकडील टोंकही त्या मानानें उतरवावें लागतें. शिवाय उंचीमुळें चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागील कल, म्हणजे कास्टर, घटतो आणि वळणानंतर चाकें सरळ येण्यास कुचरतात. आंस धरणाऱ्या दांड्यांची लांबी बदलून तो कल पुन्हां साधतात.

वाचकहो, उंची एका दिवसांत मिळते. परंतु तिनें विस्कटलेलीं नातीं जुळविल्यावांचून गाडी रस्त्यावर आणणें म्हणजे आपला व दुसऱ्यांचा जीव धोक्यांत घालणें होय.