कलकत्त्याची दुनळी

गेल्या खंडेनवमीस आमच्या महालांतील घरीं नेहमींप्रमाणें शस्त्रपूजा झाली. आतां ब्राह्मणाच्या घरचीं शस्त्रें तीं कसलीं असावयाचीं? विळी, अडकित्ता, एक जुनी करवत, मुलांच्या कंपासपेट्या आणि अलीकडे सूनबाईंचा संगणक. या सर्वांच्या शेजारीं पितळी जोडांचा, तीन तुकड्यांचा एक लांकडी गज ठेवलेला असतो. त्यास गंध-फूल वाहतांना आमच्या सात वर्षांच्या नातीनें विचारलें, "आबा, ह्या काठीनें कोणाशीं लढायचें?" आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसानें मुलाच्या प्रश्नास बगल देणें बरें नव्हे, असें मागाहून वाटलें; म्हणून तें उत्तर येथें लिहितों.

तो गज एका बंदुकीचा आहे. बंदूक आतां आमच्या घरीं नाहीं.

आमचे आजोबा उमरेड तहसिलींतील एका लहानशा गांवाचे मालगुजार होते. गांव रानाच्या कांठचें. हरभरा आणि तूर उभी राहिली कीं रात्रीं डुकरांचे कळप आणि रोही शेतांत उतरत व सकाळीं कुणब्यांच्या डोळ्यांत पाणी उभें राहत असे. पिकांच्या रक्षणासाठीं म्हणून आजोबांस बंदुकीचा परवाना मिळाला होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरविला होता. त्यामुळें डेप्युटी कमिशनरसाहेबांच्या सहीचा तो कागद म्हणजे त्या काळीं एक पदवीच समजली जाई. आजोबा तो कागद सातबाऱ्याच्या नव्हे, तर पोथ्यांच्या कपाटांत ठेवीत.

१९२८ च्या डिसेंबरांत कलकत्त्यास मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. आजोबा नागपुराहून बंगाल-नागपूर रेल्वेनें तेथें गेले, आणि परत आले ते एक दुनळी बंदूक घेऊन! आमची आजी मोठी बोलकी. ती म्हणे, "देशकार्यास म्हणून गेले, आणि साहेबाच्या दुकानांतून विलायती नळी घेऊन आले." यावर आजोबांचें उत्तर ठरलेलें असे. "अहो, दुकान साहेबाचें खरें, पण कोणतें दुकान तें तर विचारा!"

तें दुकान रॉडा आणि कंपनीचें होतें. याच रॉडा कंपनीच्या नांवें आलेला माल २६ ऑगस्ट १९१४ रोजीं कलकत्त्याच्या जकात-कचेरींतून गोदामाकडे जात असतां, त्यांतील ५० माउझर पिस्तुलें आणि ४६,००० काडतुसें बंगाली क्रांतिकारकांनीं भर दिवसां बैलगाडींतून पसार केलीं. कंपनीचा एक कारकून फितूर होता, आणि एक तरुण गाडीवान बनून आला होता. पुढील वर्षीं बालासोरजवळ बाघा जतीन व त्यांचे सोबती पोलिसांशीं लढले, ते माउझर पिस्तुलांनींच. आजोबा ही कथा दार लोटून घेऊन, हळू आवाजांत सांगत. परकी बंदूक घेतल्याची त्यांच्या मनांतील बोच या कथेनें शमत असावी.

बंदूक १२ बोरची होती. 'बारा बोर' म्हणजे काय, हें आजोबांनीं आम्हांस असें शिकविलें: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल, ती बारा बोरची नळी. गणिताचा इतका सुंदर धडा आम्हांस शाळेंत कोणी दिला नाहीं. अक्रोडाचा दस्ता, दोन घोडे, आणि दोन्ही नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कोरलेलें दुकानाचें नांव व 'कलकत्ता' हीं अक्षरें. दिवाळीपूर्वीं बंदूक उघडून साफ करावयाची, हा घरांतील एक कुळाचारच होता. गजाला फडकें गुंडाळून आजोबा नळ्या पुशीत आणि तेल लावीत. त्या तेलास ते रंगूनचें तेल म्हणत. त्या तेलाचा आणि रित्या काडतुसांतील जळक्या दारूचा वास आजहि आम्हांस क्षणांत नऊ वर्षांचा करून टाकतो. एल्. जी., एस्. जी., चार नंबर अशीं काडतुसांचीं नांवें आम्हांस शब्दरूपावलीच्या आधींच पाठ झालीं होतीं.

त्या काळीं आमच्या ओसरीवर आसपासचे मालगुजार जमले म्हणजे बंदुकांच्या कुळांची चर्चा चाले. कोणाकडे मँटनची, कोणाकडे लायन आणि लायनची, तर कोणाकडे आर्मी ॲण्ड नेव्हीची. मँटन हें नांव उच्चारतांना सर्वांचाच आवाज खालीं येई, कारण जोसेफ मँटन हा लंडनचा जुना नामांकित कारागीर, आणि त्याचें नांव मिरविणारें दुकान कलकत्त्यास होतें. आर्मी ॲण्ड नेव्ही ही मुळांत लष्करी अधिकाऱ्यांनीं १८७१ सालीं लंडनांत काढलेली सहकारी संस्था; तिचें मुंबईचें दुकान काळा घोड्याजवळ होतें, व ती इमारत आजहि उभी आहे. तिच्या जाडजूड यादींत टांचणीपासून तंबूपर्यंत सर्व कांहीं सांपडे, व बंदुकांवर नांवहि संस्थेचेंच असे. रायफलींचा विषय निघाला कीं बोरांचा घोळ सुरू होई. लष्करी काडतुसें बंडखोरांच्या हातीं लागून उपयोगीं पडूं नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें .४५० बोरास हिंदुस्थानांत बंदी केली, आणि मग विलायतेंतील कारागिरांनीं .४७०, .४६५ असे नवे बोर काढले. फौजेचा .३०३ बोरहि सामान्य माणसास वर्ज्य. पुढें स्वराज्यांतहि इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची शिकारी रायफल निघाली ती.३१५ बोरची. राज्यकर्त्यांची भीति अशी नळीच्या व्यासांत मोजतां येते, असें आजोबा म्हणत.

आजोबांच्या पश्चात् परवाना वडिलांच्या व पुढें आमच्या वडील बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, नांवें झाला. एकदां दादांनीं एक घोडा ढिला झाला म्हणून बंदूक शहरांतील एका वृद्ध कारागिराकडे नेली. आम्हीहि सोबत होतों. त्यानें पुढची लांकडी पकड काढली, नळ्या वेगळ्या केल्या आणि त्या उलट्या करून भिंग आमच्या हातीं दिलें. खालच्या बाजूस मुकुटाचे बारीक ठसे होते, आणि त्यांखालीं बी. पी., बी. व्ही., एन्. पी. अशीं अक्षरें. कारागीर म्हणाला, "मास्तरसाहेब, ही कलकत्त्याची नाहीं. हा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा ठसा आहे. घडविली तिकडच्या कोणीतरी. दुकानानें फक्त नांव कोरून घेतलें."

खरें सांगावयाचें तर आम्हांस वाईट वाटलें. लहानपणापासून जें नांव आम्हीं कुलदैवतासारखें घोकलें, तें केवळ विकणाऱ्याचें होतें! पुढें कळलें कीं यांत फसवणूक मुळींच नव्हती. सर्वत्र चालणारी ही रीत होती. बर्मिंगहॅमच्या एका मोहल्ल्यांत नळ्या करणारा निराळा, घोडे घासणारा निराळा, दस्ता कोरणारा निराळा, असे शेंकडों कारागीर घरोघर काम करीत. तेथील परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्यानें स्थापन झालें. तेथें जादा दारू भरून नळी तपासल्यावर ठसा पडे, आणि मग जगभरचीं दुकानें त्या मालावर आपआपलें नांव घालीत. अमेरिकेंतहि सीअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड हीं टपालानें माल धाडणारीं मोठीं दुकानें मार्लिन, मॉसबर्ग अशा कारखान्यांकडून बंदुका करवून घेऊन स्वतःच्या नांवावर विकीत. १९६८ च्या कायद्यानें टपालानें बंदूक धाडण्याची ती रीत तेथें बंद झाली. तिकडचीं म्हातारीं माणसें त्या दुकानी बंदुकांची आठवण आमच्यासारखीच काढतात, असें ऐकतों.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दाराच्या पाटीवर नांव आजोबांचें. पण पहाटे चारला उठून तीस पानांचा स्वयंपाक करणारी आजी, आणि सोंवळ्यांत आयुष्य झिजविलेली आमची आत्या यांचा ठसा कोठें होता? तो असाच खालच्या बाजूस, नळ्या उलट्या केल्यावांचून न दिसणारा. जादा दारू भरून परीक्षा मात्र त्यांचीच झाली होती.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. ती आम्हीं पन्नासांहून अधिक वर्षें कोणासहि सांगितली नव्हती.

१९६७ च्या हिंवाळ्यांतील गोष्ट. आम्हांस नववें वर्ष. हट्ट करकरून आम्ही आजोबांबरोबर शेतांतील माळ्यावर गेलों. बॅटरी धरण्याचें काम आमच्याकडे होतें. मध्यरात्रीं हरभऱ्यांत खसखस झाली. आजोबांनीं खांद्यास स्पर्श केला; आम्हीं कळ दाबली. दोन डोळे चमकले. आजोबांची दृष्टि तोंपर्यंत अधू झाली होती. त्यांनीं कानांत विचारलें, "काय आहे रे?" आम्हांस डोळ्यांपलीकडे कांहीं दिसत नव्हतें, पण न दिसल्याचें सांगण्यास लाज वाटली. आम्ही म्हणालों, "आबा, डुक्कर!" बार झाला.

सकाळीं नाल्याच्या कांठीं सांपडली ती रोही होती, आणि गाभण होती.

गांवभर बातमी गेली. रोही ही गाईचीच जात, असा आमच्याकडील समज. त्यांत ती गाभण! आजीनें तीन दिवस अन्न घेतलें नाहीं. आजोबांस शाकुंतल मुखोद्गत. शिकारीचा विषय निघाला म्हणजे ते दुसऱ्या अंकांतील सेनापति मृगयेची कशी स्तुति करतो तें रंगून सांगत. त्या दिवशीं आजी एवढेंच म्हणाली, "सेनापतीचें फार ऐकलें. पहिल्या अंकांत राजाचा बाण अडविणारा तपस्वी कोणाच्या बाजूचा होता?" आजोबा खालीं मान घालून म्हणाले, "माझी चूक झाली. मला डुक्कर वाटलें." 

'मला वाटलें' असें ते म्हणाले. आम्ही दाराआड उभे होतों. त्यांनीं आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. त्यांनीं विधियुक्त प्रायश्चित्त घेतलें, बंदूक साफ करून खोळींत घातली, आणि पुढें १९७४ सालीं ते वारले तोंपर्यंत तींत एकदांहि काडतूस भरलें नाहीं. दिवाळीपूर्वीं मात्र ते ती पुशीत, आणि गज धरावयास आम्हांसच हांक मारीत. त्या रात्रीचा शब्द त्यांनीं कधीं काढला नाहीं. आम्हींहि काढला नाहीं.

पुढें काळच पालटला. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला; १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू होऊन आमच्या विदर्भांतील मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांत आला. तिकडे कान्ह्याच्या रानांत बारशिंग्यांची संख्या १९७० सालीं अवघी ६६ उरली होती. शिकार, रोगराई आणि कुरणांचा ऱ्हास यांनीं ती जात संपण्यास आली होती, ती आतां पुन्हां शेंकडोंनीं नांदते. आणि उमरेडच्या ज्या बाजूस आजोबांचे मित्र शिकारीस जात, तेथें २०१२ सालीं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालें. हें सर्व योग्यच झालें. बंदुकीची आठवण गोड लागते म्हणून तो काळ परत यावा, असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं.

चार वर्षांपूर्वीं दादा वारले. परवाना त्यांच्याबरोबर संपला. वारसानें नवा परवाना मागावा, नाहींतर हत्याराचा मोह सोडावा, असे दोनच मार्ग होते. बंदूक नियमाप्रमाणें ठाण्यांत ठेवली, आणि दादांच्या वर्षश्राद्धानंतर सर्व मंडळी ओसरीवर बसली. पुतण्या म्हणाला, "काका, मी परवाना काढतों. आजोबांचा वारसा आहे, दिवाणखान्यांत शोभेल." सूनबाई हळूच म्हणाल्या, "घरांत लहान मुलें आहेत." दोघांचेंहि खरें होतें. आमचें मन, खोटें कशास बोला, पुतण्याकडे झुकत होतें. कारण त्या दुनळीवर आमच्याइतकें प्रेम घरांत कोणाचेंच नव्हतें.

परंतु वारसा म्हणून द्यावयाचा तर पूर्ण द्यावा, अर्धा देऊं नये. म्हणून आम्हीं त्या रात्रीची हकीकत सर्वांसमक्ष सांगितली. पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पणजोबांनीं तुमच्यासाठीं ते शब्द अंगावर घेतले." आम्हीं मान हलविली. आमच्या तोंडून शब्द निघत नव्हता. "मग काका," तो म्हणाला, "भिंतीवर काय टांगायचें?"

बंदूक सरकारांत जमा झाली. कारकुनानें कागदावर लिहिलें: '१२ बोर, डी. बी. बी. एल्.', आणि बनावटीच्या रकान्यांत, 'रॉडा, कलकत्ता'. खालचे ठसे त्यास दाखवावेत असें क्षणभर मनांत आलें. पण आम्हीं सही केली आणि घरीं आलों.

गज तेवढा घरीं राहिला होता. बाळ, तूं विचारलेंस ना, ह्या काठीनें कोणाशीं लढायचें? कोणाशींहि नाहीं. जें नीट दिसलें नाहीं, तें 'दिसलें नाहीं' असें सांगावयाचें, एवढें आम्हांस शिकविणारी ही काठी आहे. म्हणून तिला फूल वाहावयाचें.