फिजिक्स, कोडिंग आणि आमच्या गच्चीवरची टाकी



मी छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरमध्ये राहते. एमएस्सी भौतिकशास्त्रात केलं आणि आज पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. हे सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "मग ते फिजिक्स वायाच गेलं की!" बारावीनंतर शाखा निवडताना तुमच्याही घरी असंच बोलणं होत असेल. म्हणून याचं उत्तर आज मी माझ्या घरातल्या दोन उद्योगांतून देणार आहे.

पहिला उद्योग टाकीचा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय, हा घरातला रोजचा प्रश्न. आईचे गुडघे दुखतात, तरी झाकण उघडून बघायला तीच जिना चढायची. मग मी झाकणाला आतून एक अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. तो कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, पाण्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपतो आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजतो. वेळ गुणिले ध्वनीचा वेग, भागिले दोन, झालं अंतर! दोनने का भागायचं? कारण आवाज गेला आणि परतही आला.

आता खरी गंमत बघा. तयार मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा वेग बहुधा सेकंदाला ३४३ मीटर असा पक्का लिहिलेला असतो. पण हा वेग २० अंश सेल्सिअसचा! आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या घरात जातो. तापमान एका अंशाने वाढलं की हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे ४० अंशांना तो होतो ३५५. पाणी सेन्सरपासून बरोबर १ मीटर खाली असेल, तर जुना आकडा वापरणारा प्रोग्रॅम ते ९६.६ सेंटीमीटरवरच दाखवेल. साडेतीन सेंटीमीटरने काय होतं? आमच्या हजार लिटरच्या टाकीत तेवढ्यात तीसेक लिटर पाणी मावतं. म्हणजे दोन बादल्या पाणी नसतानाच 'आहे' असं दिसणार! नळ यायला चार दिवस बाकी असताना दोन बादल्या थोड्या नसतात. म्हणून मी सेन्सरशेजारी एक तापमापक लावला आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. ती ओळ लिहायला कोडिंग लागलं; ती लिहायला हवी हे मात्र फिजिक्सने सांगितलं.

दुसरा उद्योग नळाचा. पाणी कधीकधी मध्यरात्री येतं. आधी नळातून हवा फुसफुसते, मग पाणी. ती फुसफुस ऐकायची म्हणून आई अर्धवट झोपेत असायची. मी नळाशेजारी मायक्रोफोन ठेवला. पण रात्री पंखा, कुत्री, रस्त्यावरच्या गाड्या असे सगळेच आवाज त्यात शिरतात. इथे फूरिए यांचं गणित कामी आलं. कुठलाही आवाज त्यातल्या वेगवेगळ्या वारंवारतांमध्ये सुटा करता येतो. फुसफुशीचा एक ठरावीक नमुना असतो. ऐकलेला आवाज त्या नमुन्याशी जुळला की माझा मोबाइल वाजतो. आई आता रात्रभर झोपते.

नमुना जुळवण्याचा हाच विचार अफाट मोठ्या पातळीवर आपल्या महाराष्ट्रात झाला आहे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ संजीव धुरंधर यांनी सहकाऱ्यांसह गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धती विकसित केल्या. लहर कशी दिसेल याचा नमुना आधी गणिताने तयार करायचा आणि मिळालेल्या नोंदींशी ताडून बघायचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळेने पहिली लहर टिपली, तेव्हा अशा कामाचं चीज झालं. आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' उभारायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. तिथे लेसर आणि आरसे लागतील, तसे प्रोग्रॅम लिहिणारे हातही लागतील. ते हात मराठवाड्याचे का नसावेत?

टिम बर्नर्स-ली यांचंच बघा. १९७६ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९८० मध्ये सर्नमध्ये काम करताना कोणता माणूस कोणत्या कामाशी जोडलेला आहे, हे लक्षात ठेवायला त्यांनी स्वतःपुरता 'एन्क्वायर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे १९८९ मध्ये त्यांनीच वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला. स्वतःची अडचण सोडवायला केलेलं काम कुठवर जाईल, सांगता येत नाही.

तेव्हा फिजिक्स की कॉम्प्युटर, असं भांडण लावू नका. एक शास्त्र प्रश्न नीट विचारायला शिकवतं, दुसरं त्याचं उत्तर रोज, न कंटाळता काढून देतं.

तुम्हाला सुरुवात करायला सेन्सरही नको. १ मीटर दोऱ्याला एक कुलूप बांधा, टांगा, थोडंसं हलवा आणि १० आंदोलनं मोजा. साधारण २० सेकंद लागतील. आता दोरा २५ सेंटीमीटरचा करा. लांबी चौथा हिस्सा झाली. वेळही चौथा हिस्सा होईल का? आधी अंदाज वहीत लिहा, मगच मोजा. अंदाज आणि मोजमाप जुळलं नाही, तर वही तशीच घेऊन तुमच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि विचारा, "असं का?"