दुकानाच्या मोबाइलची शिस्त

चि. सायली,


दुकान आता तू पाहतेस, याचा फार आनंद झाला. सुरक्षेसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं विचारलंस. ते नंतर बघू. दादा दुकान पाहायचे तेव्हा रोकड जुळल्याशिवाय शटर ओढत नसत. तीच शिस्त आधी मोबाइलला लाव. दुकानदार फसतो तो बहुधा गर्दीच्या वेळी, घाईत. म्हणून नियम आधीच ठरलेले हवेत.

गिऱ्हाइकानं ‘पैसे गेले’ म्हणून स्वतःचा मोबाइल दाखवला, तरी माल सोडायचा नाही. हुबेहूब खोटी पावती दाखवणारी ॲप असतात. आपल्या खात्यात रक्कम दिसली, की मगच माल. ‘लष्करातून बोलतोय, कॅम्पसाठी शंभर नळ हवेत, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असेही फोन येतील. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितला, म्हणजे पैसे आपलेच जाणार.

माल देणाऱ्या पार्टीकडून ‘खातं बदललंय, नव्या खात्यात भरा’ असा मेसेज आला, तर वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करून आवाज ओळखायचा. त्यांचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेलं असू शकतं. आपल्या व्हॉट्सॲपला मात्र टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लाव. चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल कुणीही उघडायची नाही. असलं ॲप ओटीपीचे मेसेज परस्पर वाचतं.

टॅलीचा बॅकअप रोज घेतेस, हे चांगलं. पण बॅकअपची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली ठेवू नकोस; व्हायरस आला, तर तीही जाईल. जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसनं मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली. आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. नेटवर्कच्या मुख्य माहितीची शाबूत प्रत मिळाली ती घानातल्या ऑफिसात, कारण वीज गेल्यामुळे तिथला सर्व्हर नेमका तेव्हा बंद होता. त्यांना नशिबानं मिळालं, ते आपण शिस्तीनं मिळवायचं. बॅकअप झाला की डिस्क काढून घरी न्यायची.

इतकं करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नकोस. आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं, तरच ती गोठवता येते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदव.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तुझ्या नावानं ‘तातडीनं पैसे पाठव’ असा मेसेज आला, तर तुला फोन केल्याशिवाय रुपयाही पाठवायचा नाही, असं दुकानातल्या मुलांना बजावून ठेव. आणि एखाद्यानं खरंच तसा फोन केला, तर कामात असलीस तरी त्याच्यावर चिडू नकोस. एकदा चिडलीस, की पुढच्या वेळी तो विचारणार नाही.

तुझा,
काका