सरासरीत न मावणारे आजी-आजोबा

आपल्या लाइनमधल्या सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. ॲव्हरेज काढलं की प्रॉब्लेम दिसेनासा होतो, सुटत नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास असतो आणि त्याच वेळी काही युजर आपल्याला मनापासून शिव्या घालत असतात. गेल्या शनिवारी अमेरिकेतल्या खुनांचे आकडे बघताना हेच आठवलं. (हो, वीकेंडला! लग्न न झालेल्या माणसाला वेळ असतो.)

सीडीसी ही इथली सरकारी आरोग्य संस्था. तिच्या 'वंडर' नावाच्या डेटाबेसमध्ये मृत्यूच्या दाखल्यांवरची आकडेवारी कुणालाही चाळता येते. वय, वंश, राज्य, मृत्यूचं कारण... हवं तसं ग्रुप बाय करा. पहिली क्वेरी वयाची. विशी-तिशीत खुनाचं प्रमाण सगळ्यात जास्त, मग ते उतरत जातं आणि पासष्टीनंतर बरंच कमी होतं. वाटलं, चला, म्हातारपण तरी सुरक्षित आहे.

मग दुसरा कॉलम जोडला, वंशाचा. उतार सगळ्यांच्याच आलेखात आहे, पण अंतर काही मिटत नाही. कृष्णवर्णीय ज्येष्ठांच्या खुनाचं प्रमाण गोऱ्या ज्येष्ठांच्या कित्येक पट. कारण अर्थातच कातडीत नाही, पत्त्यात आहे. 1930च्या दशकात इथल्या सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' म्हणून दाखवल्या गेल्या. तिथे घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल झालं, पैसा आला नाही, गरिबी मात्र राहिली. आणि म्हातारं माणूस आयुष्यभराचं घर सोडून जाणार कुठे?

आता मारतं कोण? बातम्यांत येतात त्या मोठ्या घटना. 2022 साली बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने 10 कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या, त्यात कितीतरी ज्येष्ठ होते. पण 2023 साली कॅलिफोर्नियात मॉंटेरे पार्कच्या डान्स स्टुडिओत 11 जण गेले, बहुतेक साठी-सत्तरीचे आशियाई. आणि गोळ्या घालणाराही 72 वर्षांचा आशियाईच!

शिवाय ज्येष्ठांचे बरेचसे खून अशा ठिकाणी होतच नाहीत. ते होतात घरात आणि मारणारा अनेकदा ओळखीचाच असतो. मुलगा, नातेवाईक, नवरा. एक प्रकार तर वाचवत नाही. आजारी बायकोची वर्षानुवर्षं सेवा करून थकलेला, खचलेला म्हातारा तिला गोळी घालतो आणि मग स्वतःला. यात मारणारे बहुतेक पुरुष आणि त्यात गोऱ्यांचा वाटा मोठा. म्हणजे एरर कोड एकच, 'खून'. रूट कॉज मात्र वेगळे. एकीकडे वस्ती सुधारायला हवी, दुसरीकडे त्या म्हाताऱ्याला चार दिवस सुट्टी मिळायला हवी आणि घरातलं पिस्तूल कुलपात जायला हवं. एकच पॅच दोन्हीकडे कसा चालणार?

हे सगळं उकरायचं कारण सांगतो. या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला येतायत. फोनवर बाबांचा पहिला प्रश्न, "अरे, सकाळी फिरायला रस्ता बरा आहे ना?" म्हणून मी 'एशियन'चा कॉलम उघडला. त्यात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, आपण, सगळे एका पोत्यात. 2018 पासूनच्या डेटात 'एशियन इंडियन' वेगळं काढता येतं. पण आधी वय, मग राज्य असं बारीक करत गेलं की आकड्याच्या जागी एकच शब्द येतो, 'सप्रेस्ड'. 1 ते 9 मृत्यू असतील तर आकडा झाकतात, कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून. नियम योग्यच आहे. पण छोट्या समाजाचं दुःख टेबलात कधी उमटतच नाही, हेही तितकंच खरं.

बाबांना म्हटलं, रस्ता चांगला आहे, या तुम्ही.

जाता जाता एकच. तुमच्या शेजारी, इथे किंवा पुण्यात, एखादं म्हातारं जोडपं एकटं राहत असेल आणि त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं असेल, तर दुसऱ्याला जरूर विचारा, "तुम्ही कसे आहात?" चौकशी सगळे आजारी माणसाचीच करतात.