गांव म्हणजे कोण?

संस्कृतांत ‘ग्राम’ या शब्दाचे दोन अर्थ प्रसिद्ध आहेत. एक गांव आणि दुसरा समूह. ‘गुणग्राम’, ‘इंद्रियग्राम’ असे समास आले म्हणजे वर्गांतील एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी, “गुरुजी, इंद्रियांचें गांव तें कसलें?” मग मी सांगें कीं, येथें ग्राम म्हणजे वस्ती नव्हे, समुदाय. कित्येक विद्वानांच्या मतें या शब्दाचा मूळ अर्थही माणसांचा जथा हाच होय. जथा जेथें स्थिरावला त्या जागेस पुढें तेंच नांव पडलें. या अर्थाचें जिवंत उदाहरण मला पाहावयास मिळालें तें मात्र सातासमुद्रांपलीकडे.

माझा पुतण्या अमेरिकेंत कॅन्सस राज्यांत नोकरीस आहे. त्याच्याकडे गेलों असतां तो आम्हां उभयतांस राज्याच्या वायव्य भागांतील निकोडेमस नांवाच्या वाडीस घेऊन गेला. त्या मुलुखास प्रेअरी म्हणतात. दृष्टि पोंचेल तेथवर गवत आणि शेतें. डोंगर नाहीं, झाडही क्वचित्. अशा उघड्या माळावर पांच जुन्या इमारती आणि थोडीं घरें, एवढेंच तें गांव. कायम राहणारीं माणसें पंचवीसही नसतील. “हें पाहावयास इतक्या दूर आणलेंस?” असें घरांतून विचारणें झालेंच! परंतु त्या वाडीचा इतिहास कळल्यावर आम्ही दोघेही कांहीं वेळ मुकाट्यानें उभीं राहिलों.

अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ मध्यें कायद्यानें संपली. पण दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या कपाळींचें दैन्य आणि भय कांहीं संपलें नाहीं. १८६२ च्या कायद्यान्वयें, पांच वर्षें राहून जमीन कसणारास १६० एकर सरकारी जमीन मिळूं शके. या आशेवर १८७७ मध्यें केंटकी प्रांतांतील पूर्वीचे गुलाम आपलीं मुलेंमाणसें घेऊन निघाले. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत सुमारें तीनशें जण एलिस येथवर आगगाडीनें आले आणि तेथून माळ तुडवीत निकोडेमसला पोंचले. पाहतात तों गांव कोठेंच नाहीं! लांकडाच्या अभावीं आधीं आलेल्यांनीं जमीन खणून तींत बिऱ्हाडें थाटलेलीं होतीं. विलियाना हिकमन नांवाची एक बाई पुढच्या वसंतांत आली. तिला नवऱ्यानें बोट करून गांव दाखविलें, तेव्हां भुईंतून निघणाऱ्या धुरावांचून तिला कांहींच दिसेना. त्या माउलीस रडूं कोसळलें.

कित्येक कुटुंबें परत फिरलीं. जीं राहिलीं त्यांच्यापाशीं बैल नव्हते, नांगर नव्हते, हिंवाळ्यापुरतें धान्यही नव्हतें. त्या पहिल्या हिंवाळ्यांत शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनीं आपल्याजवळील अन्न त्यांस दिलें. ज्यांची स्वतःचीच भूमि हिरावली जात होती त्यांनीं उपाशी परक्यास घांस द्यावा, याहून मोठें अन्नदान कोणतें?

अशा हालांतही या लोकांनीं शाळा काढली, हें मज शिक्षकास विशेष वाटतें. जेनी फ्लेचर ही गांवची पहिली शिक्षिका. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस अक्षर शिकूं दिलें नव्हतें, त्यांचीं मुलें तिच्यापुढें बसलीं. हळूहळू गांवास दुकानें, प्रार्थनामंदिरें, खाणावळी आल्या, पुढें दोन वृत्तपत्रेंही निघालीं. येथेंच येऊन राहिलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्यें राज्याचे हिशेबतपासनीस म्हणून निवडून आले.

मग आगगाडीचा प्रश्न आला. लोहमार्ग गांवावरून जावा म्हणून १८८७ मध्यें गांवकऱ्यांनीं १६,००० डॉलरांचे कर्जरोखे देण्याचें मतदानानें ठरविलें. परंतु ती कंपनी आलीच नाहीं. आणि १८८८ मध्यें दुसऱ्या कंपनीनें आपला मार्ग सॉलोमन नदीच्या पलीकडून, कांहीं मैलांवरून नेला. व्यापाऱ्यांनीं दुकानें उचलून तिकडे नेलीं. १९३० नंतरच्या अवर्षणानें व मंदीनें आणखी माणसें बाहेर पडलीं. १९५३ मध्यें टपालकचेरीही बंद झाली.

शहाण्या माणसानें येथें त्या गांवाची गोष्ट संपली म्हणावें. पण ती संपली नाहीं! तेथील लोक आरंभापासून दास्यमुक्तीचा उत्सव करीत. वेस्ट इंडीज बेटांतील गुलाम १८३४ मध्यें ज्या दिवशीं मुक्त झाले तो १ ऑगस्ट त्यांनीं त्यासाठीं धरला होता. आज तो उत्सव जुलैच्या शेवटच्या आठवड्यांत होतो आणि त्या वेळीं देशभर पांगलेले निकोडेमसचे वंशज मुलाबाळांसह तेथें जमतात. १९९६ मध्यें राष्ट्रीय सरकारनें त्या पांच इमारती ऐतिहासिक स्थळ म्हणून आपल्या रक्षणाखालीं घेतल्या. मला वाटतें, इमारती सरकारनें राखल्या. गांव मात्र त्या येणाऱ्यांनीं राखलें.

हें येथें लिहिण्यास कारण आहे. आमचें कोंकणांतील वडिलोपार्जित घर विकावें कीं ठेवावें, याचा खल आम्हां तिघां भावांत चार वर्षें चालला आहे. धाकटा म्हणतो, कौलें फिरवावयासही माणूस मिळत नाहीं. थोरल्यांस तेथील देवघर सोडवत नाहीं. दोघांचेंही खरें आहे. परंतु मागील दिवाळींत मीं दोघांसही विचारलें कीं, आपलीं नातवंडें एकमेकांस नांवानें तरी ओळखतात काय? कोणी उत्तर दिलें नाहीं. अखेर असें ठरलें कीं, व्यवहाराचें पुढें काय व्हावयाचें तें होवो; दरवर्षीं वैशाखांत आठ दिवस सर्वांनीं तेथें जावयाचें, आणि घर गेलेंच तर गांवच्या देवळाच्या धर्मशाळेंत उतरावयाचें. यंदा एकवीस माणसें आलीं होतीं. छप्पर दोन ठिकाणीं गळतें, विहिरीचा रहाट मोडला आहे, आणि विक्रीचा प्रश्न अद्यापि सुटलेला नाहीं. पण पोरें आतां एकमेकांस पत्रें धाडूं लागलीं आहेत.