फुलीची सही

आम्ही दोघांनी संसार थाटला तेव्हा दोन घराण्यांच्या वंशकथाही एका छपराखाली आल्या. आमच्यापैकी एकीचे माहेर पुण्याचे. तिच्या माहेरी कपाटात जाड बांधणीचा कुलवृत्तांत आहे आणि त्यात मूळ पुरुषापासूनची वंशावळ छापलेली आहे. दुसऱ्याचे घर इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यातले. तिथे ग्रंथ नव्हता, केवळ एक कथा होती, आणि ती त्याच्या आई सांगत. (एकीच्या त्या सासूबाई, पण आम्ही दोघेही त्यांना आईच म्हणतो, म्हणून येथेही तसेच लिहितो.) आईंच्या माहेरचे आडनाव थोडेसे फ्रेंच वळणाचे. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा फर्मान रद्द केल्यावर जे प्रोटेस्टंट ह्यूगनॉ देश सोडून इंग्लंडात आले, त्यांतला एक विणकर हा आपला मूळ पुरुष; त्याचे नाव बापाकडून मुलाकडे असे अखंड चालत आपल्यापर्यंत आले, अशी ती कथा.

चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी आई म्हणाल्या, "हे खरे की खोटे, ते मी असेपर्यंत कोणीतरी बघून घ्या." ते 'कोणीतरी' म्हणजे आम्हीच, हे उघड होते. आईंच्या इच्छेवरून गावाचे आणि घराण्याचे नाव या लेखात दिलेले नाही.

इंग्लंडातील सामान्य माणसाचा शोध १ जुलै १८३७ पर्यंत फारसा अवघड नसतो. त्या दिवशी जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसांची नावे सापडतात आणि १८५१ च्या जनगणनेत जन्माची पॅरिशही. याच जनगणनेत आईंचे एक पूर्वज आम्हांला भेटले: वय ६३, धंदा शेतमजुरी. विणकर नव्हे. त्यांच्या जन्मगावाचे नाव हाती आले आणि सरकारी कागद संपून चर्चच्या नोंदवह्यांचे राज्य सुरू झाले.

या नोंदवह्यांचा जनक थॉमस क्रॉमवेल. आठव्या हेन्रीच्या या मंत्र्याने १५३८ मध्ये आज्ञा काढली की, प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी, आठवड्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने दर रविवारी तीत लिहावीत आणि वही दोन कुलुपांच्या पेटीत ठेवावी. आरंभीच्या वह्या बहुधा कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा हुकूम झाला. पण एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ नंतरच्या नोंदींवर विशेष भर असल्याने अनेक गावांनी आधीची वीस वर्षे सोडून दिली. साहित्याच्या अभ्यासकाला याचे एक उदाहरण जवळचे आहे. शेक्सपिअरच्या जन्मदिनाची नोंद कुठेच नाही. आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची एक लॅटिन ओळ, आणि आज स्ट्रॅटफर्डच्या वहीत जी दिसते ती या हुकुमानंतर उतरवलेली नक्कल. २३ एप्रिल ही तारीख त्या ओळीवरून मागे मोजून काढलेला अंदाज. हातमोजे करणाऱ्याच्या या मुलाला वहीने एक ओळ दिली आणि शेजारच्या अनामिकालाही एकच.

ही समता मोहक आहे, पण ती पुरती खरी नाही, हे वह्या वाचताना हळूहळू कळत गेले. चर्चपासून फुटून निघालेले क्वेकर आणि बॅप्टिस्ट यांची मुले या वह्यांत सहसा नाहीत. यादवी युद्धाच्या काळात पानेच्या पाने कोरी आहेत. १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे डिसेंबरात लग्न झालेल्या जोडप्याचे मूल आमच्या टिपणात त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, म्हणजे लग्नाआधी दहा महिने जन्मले! ही आमची चूक आईंना सांगण्यापूर्वी ध्यानात आली, हे भाग्य. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे लेखणी एकाच्याच हाती होती. कोणाविषयी किती लिहायचे हे पाद्री ठरवी.

आम्ही इप्सविचच्या अभिलेखागारात जाऊ लागलो. मूळ वह्या जीर्ण झाल्याने त्यांची छायाचित्रेच पडद्यावर पाहावी लागत. पहिले दोन दिवस अक्षर लागेना. लांब 'स' आणि 'फ' यांत घोटाळा होई, शाई मागच्या पानावरून पुढे उमटलेली असे. पुण्यात मोडी कागद वाचायला शिकताना जे होते तेच येथे झाले: आधी एक ओळखीचा शब्द सापडतो, मग त्या शब्दातली अक्षरे हाताशी धरून पुढचा.

तिसऱ्या दिवशी १७८७ च्या पानावर तो मजूर सापडला. नोंद एका ओळीची. मुलाचे नाव, पुढे 'बेस-बॉर्न' हा शब्द, आणि आईचे नाव. बापाचा उल्लेख नाही. समासात एकच अक्षर, 'पी'.

'बेस-बॉर्न' म्हणजे हीन जन्माचा. मराठीत आपण 'अनौरस' म्हणतो. 'औरस नव्हे तो' इतकेच तो शब्द सांगतो, तरी डंख असतोच. नोंदी लॅटिनमध्ये होत तेव्हा अशा मुलाला काही पाद्री 'फिलिउस पॉप्युली' लिहीत, म्हणजे लोकांचा मुलगा. दया म्हणावी की कुचेष्टा, हे अनुवादकाने ठरवावे. समासातले 'पी' मात्र निव्वळ हिशेबाचे होते. १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि निर्धनांना तो माफ असे. 'पी' म्हणजे 'पॉपर', भिकेला लागलेला. बावीस वर्षांच्या त्या मुलीविषयी राज्याला आणि धर्माला जे म्हणायचे होते ते एक शब्द आणि एक अक्षर यांत संपले होते.

आडनाव बापाकडून अखंड चालत आले होते, ते येथे तुटले. की तुटले नव्हते? आम्ही पडद्यासमोर बसून राहिलो. मुलाने पुढे जन्मभर वापरले, आपल्या मुलांना दिले, ज्याचा अभिमान आईंनी आयुष्यभर बाळगला, ते आडनाव त्या मुलीचे होते.

मग आम्ही तिच्याच मागे लागलो. १७५३ च्या हार्डविक कायद्याने पुढच्या वर्षीच्या मार्चपासून विवाहासाठी छापील नमुने आले आणि वधूवरांच्या सह्या सक्तीच्या झाल्या. तोवर केवळ पाद्र्याच्या हस्ताक्षरात असलेल्या माणसांचा हात प्रथमच कागदाला लागला. त्या काळी सुमारे साठ टक्के वर आणि चाळीस टक्क्यांहून कमी वधू आपले नाव लिहू शकत, असे इतिहासकारांनी याच सह्या मोजून दाखवले आहे. बाकीचे फुली करत. १७९० च्या पानावर ती होती. मूल तीन वर्षांचे असताना तिने त्याच गावातल्या एका मजुराशी लग्न केले. तिच्या नावाच्या मधोमध एक फुली, भोवती पाद्र्याच्या अक्षरात 'तिची खूण'. जुन्या मराठी कागदांत पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असते, त्याची आठवण झाली. पण नांगराला मान आहे, वतन आहे. या फुलीमागे काहीच नव्हते. तरीही बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत तिच्याविषयी जे काही लिहिले गेले, त्यात तिने स्वतः ओढलेल्या रेषा एवढ्याच.

येथे दुसरी एक वही आठवल्यावाचून राहत नाही. हॅम्पशरमधील स्टीव्हन्टन गावच्या विवाहवहीत आरंभी नोंद कशी भरावी याचे नमुने छापलेले होते. तिथल्या रेक्टरच्या मुलीने किशोरवयात केव्हातरी त्यांतल्या मोकळ्या जागांत आपले नाव लिहिले आणि समोर काल्पनिक वरांची नावे घातली: एक भारदस्त लांबलचक नावाचा लंडनकर, दुसरा लिव्हरपूलचा, आणि शेवटचा नुसता जॅक स्मिथ. ती मुलगी जेन ऑस्टिन. जन्म १७७५ चा, म्हणजे आमच्या या मुलीहून दहा वर्षांनी लहान. एकाच कायद्याने छापवलेला तोच नमुना. एकीच्या घरात ती वही वडिलांच्या हातची, म्हणून तिच्याशी खेळता येत होते. दुसरी तिच्यासमोर उभी राहिली तेव्हा लेखणी कशी धरायची हे तिला बहुधा कोणी तरी दाखवले असेल. ऑस्टिन आम्ही दोघांनीही शिकवली आहे. विवाह हा स्त्रीच्या निर्वाहाचा प्रश्न कसा होता, हे वर्गात अनेकदा सांगितले आहे. ते वाक्य आम्ही किती सहज उच्चारत होतो, ते त्या फुलीपुढे कळले.

आणखी एक फुली सापडली. १८११ मध्ये त्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा साक्षीदारांत एका स्त्रीची खूण आहे आणि तिच्या भोवती लिहिलेले नाव आमच्या या मुलीचे, लग्नानंतरच्या आडनावासह. म्हणजे एकवीस वर्षांनंतरही ती त्याच्या पाठीशी होती. स्वतः ते आडनाव सोडून गेली, पण मुलाकडे ठेवून गेली. १८१३ पासून दफनाचेही छापील नमुने आले: नाव, राहण्याचे ठिकाण, तारीख, वय, पाद्र्याची सही. १८३१ मध्ये, वय ६६, तिची ओळ तिथे संपते. कोण कोणाची आई, हे लिहायला त्या नमुन्यात रकाना नव्हता.

हे आईंना कसे सांगावे, यावर आमचे एकमत होईना. एकाचे म्हणणे, त्यांनी सत्य मागितले आहे, ते द्यावे. दुसरीचे म्हणणे, चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोणाचा मूळ पुरुष काढून घेऊ नये. हा युक्तिवाद दोन आठवडे चालला आणि त्या काळात आम्ही आईंच्या घरी जाणे टाळले, हे आम्हांला भूषणावह नाही. अखेर पानांच्या प्रती घेऊन गेलो. आम्ही आखलेल्या वंशवृक्षात सर्वांत वर, बापाच्या जागी, प्रश्नचिन्ह होते.

आईंनी बाप्तिस्म्याची ओळ वाचली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी गावात एका मुलीला हाच शब्द लावत. मीसुद्धा लावला आहे." त्यानंतर त्यांनी लग्नाचे पान मागून घेतले, फुलीवर बोट ठेवले आणि विचारले, "मुलगा आईजवळच वाढला का?" १८११ ची साक्ष आम्ही दाखवली. ह्यूगनॉ विणकराचे त्यांनी नावही काढले नाही. त्या मुलीच्या वडिलांचे घराणे आम्ही १७३० च्या दशकापर्यंत मागे नेले आहे. त्यापलीकडे फ्रान्स असेल किंवा नसेल.

जाताना आईंनी पेन्सिल मागितली, प्रश्नचिन्ह खोडले आणि तिचे नाव थोडे वर, मधोमध लिहिले. पुण्याच्या कुलवृत्तांतात त्या जागेला 'मूळ पुरुष' म्हणतात. तिथे स्त्री असेल तर काय म्हणावे, हे आम्ही दोघांनी घरी येताना गाडीत पुष्कळ शोधले. शब्द सापडला नाही. त्या ग्रंथात सुनांच्या नावापुढे कंसात माहेरचे आडनाव तेवढे आहे, आणि पुष्कळ ठिकाणी कंसही रिकामा आहे. पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलो की त्या रिकाम्या कंसांपासून सुरुवात करायचे आम्ही ठरवले आहे.