यातला वेगळा कोण?

वर्गीकरणाचा पाठ आला की मुलं 'संघ, वर्ग, गण, कुल' घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून हल्ली मी फळ्यावर तीन नावं लिहिते: उंदीर, घूस, चिचुंद्री. यातला वेगळा कोण? बहुतेक जण 'घूस' म्हणतात, कारण ती केवढी मोठी!

उत्तर दातांत आहे. घुशीचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून ती सतत कुरतडते. ती कृंतक गणातली, उंदराच्याच कुलातली. चिचुंद्रीचे दात बारीक, टोकदार. ती किडे, झुरळं खाते. वेगळी आहे ती चिचुंद्री!

घुशीची प्रजाती बँडिकोटा. हे नाव तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून आलं, म्हणजे डुक्कर-उंदीर. हिच्यात तीन जाती. मोठी घूस भारतापासून दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनामपर्यंत आढळते. लहान घूस पाकिस्तान, भारत, श्रीलंका ते म्यानमार. ही शेतात बिळं खणून धान्य साठवते. तिसरी म्यानमार, थायलंड, व्हिएतनामकडची. हे देश नकाशात रंगवायला सांगा. 'बाई, इथे तर सगळीकडे भात पिकतो!' हे मुलंच सांगतात.

पालकांनो, हे फक्त मार्कांसाठी नाही. उंदीर समजून आपण चिचुंद्रीलाही विष घालतो, आणि झुरळं खाणारा प्राणी घरातून घालवतो. मारण्याआधी ओळखायला शिकवणं, हाच या पाठाचा उपयोग.